हिशेब कुठून धरायचा?

आयपीएलमध्ये खेळाडूवर बोली लागते. एनबीएमध्ये दुसऱ्या संघाचा करारबद्ध खेळाडू हवा असेल, तर नुसते पैसे टाकून भागत नाही. आपल्याकडचं काहीतरी द्यावं लागतं. या अदलाबदलीची, म्हणजे ट्रेडची, मुदत दर फेब्रुवारीत संपते. त्याआधीचे दोन-तीन आठवडे सॅक्रामेंटोत न्हाव्याच्या खुर्चीपासून सरकारी कचेरीतल्या कॉफीच्या मशीनपर्यंत जो तो किंग्जचा जनरल मॅनेजर असतो.

सॅक्रामेंटो ही कॅलिफोर्नियाची राजधानी. पण १९८५ मध्ये कॅन्सस सिटीहून किंग्ज आले, त्यानंतर वर्षानुवर्षं गावाचा म्हणावा असा मोठ्या लीगमधला हा एकच संघ. त्यामुळे इथे बास्केटबॉलवर बोलणं म्हणजे घरच्या माणसाबद्दल बोलणं. गोल्डन वन सेंटरपासून चालत जाण्यासारख्या अंतरावर एक पब आहे. तिथे ज्या टेबलाशी मी बसतो, त्यावर राज्य सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले एक आजोबा असतात. जुन्या आर्को अरीनात गाईच्या गळ्यातल्या घंटा वाजवून लेकर्सना हैराण करणाऱ्या पिढीतले. दुसरी, हायस्कुलात गणित शिकवणारी एक बाई. तिसरा माझ्यासारखाच फॉल्समला राहणारा इंजिनियर, मूळचा सांगलीचा.

वाद घालायची इथे एक रीत आहे. ‘अमक्याला हाकला, तमक्याला आणा’ एवढं बोलून सुटका होत नाही. म्हणणाऱ्यापुढे कागद सरकवला जातो. बहुतेकदा बिलाचीच पाठकोरी बाजू. आजोबा मधोमध उभी रेघ मारतात; डावीकडे जाणारे, उजवीकडे येणारे. प्रत्येक नावाखाली दोन आकडे: यंदाचा पगार आणि कराराची उरलेली वर्षं. त्याखाली ड्राफ्टचे पिक, म्हणजे पुढच्या एखाद्या वर्षी नवा खेळाडू निवडायचा हक्क. लग्नाच्या बैठकीत देण्याघेण्याची यादी करावी तसा हा कागद भरत जातो, आणि मानपानावरून फिसकटतोही तसाच.

मग कागद बाईंकडे जातो. लीगने संघाच्या एकूण पगारावर मर्यादा घातलेली आहे. २०२४-२५ च्या मोसमात ती साधारण १४ कोटी डॉलर होती. बहुतेक संघ तिच्या वरच असतात, आणि अशा संघाला जेवढा पगार बाहेर धाडला, साधारण तेवढाच आत घेता येतो. फारच वर गेलेल्या संघांवर २०२४ पासून आणखी जाच आला: दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून त्या बदल्यात एक बडा खेळाडू आणणंही त्यांना बंद. पिकही वाटेल तसे उधळता येत नाहीत. क्लीव्हलंडचे एके काळचे मालक टेड स्टेपियन यांनी ते इतके सढळ हाताने वाटले की लीगला नियम करावा लागला: पुढच्या लागोपाठ दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक देऊन मोकळं होता येत नाही. नियमाला आजही त्यांचंच नाव आहे. बाई हे सगळं तोंडपाठ असल्यासारखं तपासतात, आणि बहुतेक स्वप्नं या बेरजेतच विरतात.

बेरीज जुळली, तरी त्यांचा शेवटचा प्रश्न उरतोच: ‘समोरचा का देईल?’ सांगलीकर इथे हमखास अडकतो. आपले तीन सुमार खेळाडू आणि दुसऱ्या फेरीचा एक पिक देऊन समोरच्याचा हिरा आणण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. “त्यांनाही तरुण पोरं हवीच असतील की,” तो मला मराठीत म्हणतो. “हवी असतील रे, पण ही कशाला?” मी म्हणतो. बाईंना भाषा कळत नाही, तरी त्या कागद चुरगाळतात.

२०२५ च्या फेब्रुवारीत या कागदाचा कस लागला. लुका डॉन्चिच डॅलसहून लेकर्सकडे गेला म्हणून अवघं बास्केटबॉल-जग थक्क झालेलं असतानाच, लगोलग आमचा डीॲरन फॉक्स सॅन अँटोनिओला गेल्याची बातमी आली. शिकागोला धरून तीन संघांचा व्यवहार. किंग्जना झॅक लविन आणि पहिल्या फेरीचे तीन पिक, असे मथळे होते. आजोबांनी पेन्सिल काढली. फॉक्सचा त्या मोसमाचा पगार साडेतीन कोटी डॉलरच्या आतला. लविनचा ४ कोटी ३० लाख, आणि करार आणखी दोन मोसम चालू शकणारा. मग पिक. त्यातला एक शार्लटचा, आणि तो होता ‘लॉटरी-प्रोटेक्टेड’: शार्लटने प्लेऑफ्स गाठले तरच किंग्जना मिळणार, नाहीतर त्याचे दुसऱ्या फेरीचे पिक होणार. ‘शार्लट? प्लेऑफ्समध्ये?’ असं म्हणत बाईंनी त्यावर सरळ काट मारली. शार्लटने तो मोसम १९ विजय आणि ६३ पराभवांवर संपवला. मथळ्यातले तीन पिक आमच्या कागदावर पहिल्याच संध्याकाळी दोन झाले होते.

बेरजेला निदान उत्तर असतं. खरी हुज्जत जुंपते ती होऊन गेलेल्या ट्रेडवरून, आणि त्यात पहिला मान ८ फेब्रुवारी २०२२ चा. त्या दिवशी किंग्जनी टायरीज हॅलिबर्टन इंडियाना पेसर्सना दिला. बाविशीही न गाठलेला, ड्राफ्टमध्ये बाराव्या क्रमांकावर पदरात पडलेला, आणि मुख्य म्हणजे सॅक्रामेंटोत मनापासून रमलेला पोरगा. सोबत बडी हील्ड गेला. बदल्यात आलेल्यांत मुख्य नाव डोमँटास सबोनिस. गावात सुतक होतं.

पुढच्याच मोसमात त्याच गावात दिवाळी होती. ४८ विजय, पश्चिम विभागात तिसरा क्रमांक, आणि प्लेऑफ्सचा सलग सोळा मोसमांचा दुष्काळ, एनबीएच्या इतिहासातला सर्वांत लांबलेला, संपला. सबोनिस रिबाउंडमध्ये लीगमध्ये पहिला आला, माइक ब्राउन एकमताने वर्षाचे सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले. प्रत्येक विजयानंतर स्टेडियमवरून जांभळा झोत आभाळात सोडायची प्रथा त्याच मोसमातली. गोल्डन स्टेटविरुद्धची मालिका सातव्या सामन्यात गेली. त्यात स्टेफ करीने ५० गुण ठोकले आणि किंग्ज बाहेर पडले. तरी त्या एप्रिलमध्ये सबोनिसचा ट्रेड वाईट म्हणायची कुणाची छाती नव्हती.

२०२५ च्या जूनमध्ये पारडं फिरलं. हॅलिबर्टन पेसर्सना थेट अंतिम फेरीत घेऊन गेला, आणि ओक्लाहोमा सिटीविरुद्धचा पहिला सामना आम्ही त्याच टेबलाशी बसून पाहिला. अख्ख्या सामन्यात इंडियाना एकदाही पुढे नव्हतं. ०.३ सेकंद उरलेला असताना हॅलिबर्टनने चेंडू रिंगमध्ये टाकला: १११-११०. पबमध्ये एकच गिल्ला झाला. जांभळ्या जर्सीतली माणसं टाळ्या पिटत होती आणि त्याच दमात शिव्याही घालत होती. आजोबांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. “आपला पोरगा,” ते म्हणाले, आणि मग बराच वेळ ट्रेड करणाऱ्यांच्या पूर्वजांबद्दल बोलत राहिले. त्याच महिन्यात, २२ तारखेला, सातव्या सामन्यात त्याच हॅलिबर्टनच्या पायाचा अकिलीस स्नायुबंध तुटला. विजेतेपद ओक्लाहोमाला गेलं, आणि पुढचा अख्खा मोसम तो खेळणार नाही हे पेसर्सनी नंतर जाहीर केलं.

मग या ट्रेडमध्ये जिंकलं कोण? २०२३ च्या एप्रिलमध्ये विचाराल तर किंग्ज. २०२५ च्या ५ जूनला विचाराल तर पेसर्स, तेही दणदणीत. २२ जूननंतर बोलणारा आधी घसा खाकरतो. माणसं तीच, ट्रेड तोच, कागदावरचे आकडेही तेच. हे भांडण खेळाडूंवरून चाललंय असं वाटतं. असतं ते तारखेवरून. हिशेब कुठून धरायचा आणि कुठे मिटवायचा, एवढं एकदा ठरलं की निकाल आपोआप लागतो. म्हणूनच ते कुणी ठरू देत नाही.

सुरुवातीची तारीखही ज्याची त्याची वेगळी. आजोबांचं खातं २००२ पासून उघडतं. वेबर, दिवाच, बिबी, स्टोयाकोविच यांचा ६१ सामने जिंकलेला संघ लेकर्सविरुद्ध पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेत सात सामने झुंजून हरला. सहाव्या सामन्याच्या शेवटच्या बारा मिनिटांत लेकर्सना २७ फ्री थ्रो मिळाले. हा आकडा या गावात मुलांना पाढ्यांसारखा येतो. किंग्जनी सातव्या सामन्यात स्वतःच्या घरच्या मैदानावर ३० पैकी १४ फ्री थ्रो वाया घालवले, हा मात्र येत नाही. बाईंचं खातं २०१८ चं: ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर किंग्जनी मार्विन बॅगली घेतला, आणि डॉन्चिच त्याच्या पाठोपाठ तिसरा गेला. निवडणारे व्लादे दिवाच डॉन्चिचसारखेच स्वतः युरोपातून आलेले, हे त्या दर खेपेला सांगतात.

सांगलीकराचं खातं सुरू होतं वरळीत. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला एनएससीआयच्या डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने झाले ते किंग्ज आणि पेसर्स यांचे. पहिला सामना पेसर्सनी ओव्हरटाइममध्ये १३२-१३१ असा जिंकला. तेव्हा सबोनिस पेसर्सकडे होता आणि हील्ड किंग्जकडे. अडीच वर्षांच्या आत दोघांनी जर्सी बदलल्या. किंग्जचे मालक विवेक रणदिवे जन्माने मुंबईकर. २०१३ मध्ये संघ सिएटलला जायच्या बेतात असताना त्यांच्या गटाने तो विकत घेऊन इथेच ठेवला. हे सांगताना सांगलीकराची छाती फुगते. मात्र एखादा ट्रेड फसला की टेबलावरची सगळी बोटं त्याच्याकडे वळतात. “आडनाव ऐकून मलाच बोलणी खावी लागतात,” ही त्याची कायमची तक्रार.

आशेचा विषय निघाला की पुन्हा दोन तट पडतात. सातव्या ते दहाव्या क्रमांकाच्या संघांना प्लेऑफ्सच्या उंबऱ्यावर ‘प्ले-इन’ खेळावा लागतो. किंग्ज २०२४ मध्ये तिथे गोल्डन स्टेटला हरवून न्यू ऑर्लिन्सकडून हरले. २०२५ मध्ये घरच्या मैदानावर डॅलसकडून. धड वर नाही, धड तळाला नाही. तळाच्या तीन संघांना लॉटरीत पहिल्या पिकची प्रत्येकी १४ टक्के संधी असते. मग मुद्दाम तळ गाठावा का? सांगलीकर म्हणतो, गाठावा. “सोळा वर्षं तळालाच होतो,” आजोबा म्हणतात, “मिळालं काय?” बाई गणितातल्या, म्हणून त्या दोघांनाही गप्प करतात: १४ टक्के संधी म्हणजे ८६ टक्के नकार.

आता फॉक्सच्या ट्रेडचं बघा. त्यातले जे दोन पिक खरे ठरले, त्यांपैकी एक मिनेसोटाचा, तोही २०३१ चा. त्या वर्षी त्यातून जो मुलगा निवडला जाईल, तो आज कुठल्यातरी शाळेत शिकत असेल. त्याची उंचीही अजून पुरती वाढलेली नसेल. तोवर या ट्रेडचं खातं मिटवता येणार नाही, असा बाईंचा निर्वाळा आहे. त्यांनी तसं कागदावर लिहून खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या. हा ट्रेड किंग्जच्या फायद्याचा होता, असं टेबलावर एकट्या आजोबांचंच मत. त्यांनी आनंदाने सही केली. २०३१ पर्यंत त्यांना कुणी खोटं पाडू शकत नाही.