गेममधला राक्षस मेला, पण खरंच जिंकलं कोण?

परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात चारठाणा नावाचं गाव आहे. जुनी मंदिरं आणि बारव यांच्यासाठी ते ओळखलं जातं. समजा, याच गावात रात्री अकरा वाजता एक पोरगा गेममधल्या राक्षसाशी लढतोय. नऊ वेळा हरला, दहाव्या वेळी जिंकला. तो आनंदानं ओरडला आणि आतून आईचा आवाज आला, "खोटंखोटं लढून मिळालं काय रे?"

प्रश्न रास्त आहे. आता उत्तर बघू.

गेमचे अभ्यासक जेस्पर युल यांनी २००५ साली 'हाफ-रिअल' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा सोपा आहे. गेममधला राक्षस खोटा असतो, पण गेमचे नियम खरे असतात. त्या नियमांनुसार तुम्ही हरता किंवा जिंकता, तेही खरंच. म्हणजे नायकाचा विजय ही गोष्ट झाली, पण नऊ वेळा चुकलेला डाव दहाव्या वेळी साधला, ही कमाई तुमची. म्हणूनच पैसे देऊन घेतलेल्या तलवारीनं एका फटक्यात राक्षस मेला, की मजा जाते. तिथं राक्षस मरतो, पण तुम्ही काहीच शिकलेले नसता.

मग नुसतं अवघड असणं पुरेसं आहे का? तर नाही.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये 'राजी : अॅन एन्शंट एपिक' हा गेम आणला. राजी ही कसरती करणारी पोरगी. ऐन रक्षाबंधनाला असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, उचलून नेतात. दुर्गेच्या कृपेनं तिच्या हाती त्रिशूळ येतो आणि ती महाबलासुराच्या मागे लागते. इथं प्रत्येक वार भावासाठी आहे, त्यामुळे लढाईला वजन येतं. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम इंडी गेमसाठी त्याला नामांकनही मिळालं. तरी शेवट अचानक तुटल्यासारखा वाटतो, अशी तक्रार अनेकांनी केली. लढाई संपली तरी मन भरलं नाही. कारण आपल्याला नुसता असुर मारायचा नव्हता, भावाचं काय झालं ते बघायचं होतं.

ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. महाराष्ट्रात जुन्या देवळांच्या आवारात वीरगळ दिसतात. खालच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याच्याही वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. काही वीरगळांवर गाईगुरंही कोरलेली असतात, कारण तो वीर गावाची जनावरं वाचवताना पडला. म्हणजे ज्याच्यासाठी दगड उभा राहिला, तो त्या लढाईतून परत आलेलाच नाही. तरी गावानं त्याला वीर मानलं. त्यानं किती मारले यापेक्षा तो कोणासाठी लढला, हे गावाला मोठं वाटलं.

गेममध्ये तुम्ही मेलात तर पुन्हा सुरू करता येतं, त्या वीराला ती सोय नव्हती. एवढा फरक कायम राहणारच. पण चारठाण्यातल्या त्या पोराला आईला द्यायला एक उत्तर नक्की आहे : राक्षस खोटा होता, दहाव्यांदा उठणं खरं होतं.