जुन्या फायबरच्या होडीची पारख

सीताबर्डीवरून पश्चिमेस निघालें कीं फुटाळा आणि अंबाझरी हे तलाव लागतात; रामटेकाजवळचा खिंडसीचा जलाशय तर नौकाविहारासाठीं प्रसिद्धच आहे. हें सारें पाणी गोडें. त्यामुळें कोकणकिनाऱ्यावरची जुनी होडी विकत घेऊन इकडे आणणाऱ्या गृहस्थाचा असा समज असतो, कीं खारें पाणी होडी खातें आणि गोडें पाणी तिला सांभाळतें. लोखंडाच्या बाबतींत हा समज खरा. फायबरच्या बाबतींत तो उलटा ठरतो.

१९४० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत ह्या होड्या बनूं लागल्या. काचेचे बारीक तंतु आणि कृत्रिम राळ यांचे थरावर थर, व वरून जेलकोट नांवाचा चकाकता लेप, अशी त्यांची घडण असते. ह्या लेपांतून पाण्याचे सूक्ष्म कण वर्षानुवर्षें आंत शिरतात आणि राळेंतील कांहीं द्रव्यें विरघळून आंबट, दाट द्रव तयार होतो. भिजत घातलेली मनुका जशी फुगते, तसा हा द्रव बाहेरचें पाणी ओढून घेतो आणि लेपावर फोड येतात. बाहेरचें पाणी जितकें क्षारहीन व उष्ण, तितका हा ओढा अधिक. नागपूरच्या उन्हाळ्यांत तापणाऱ्या तलावांना दोन्ही गोष्टी लागू पडतात.

म्हणून होडी पाण्याबाहेर काढल्याबरोबर तिचा तळ तिरप्या उजेडांत न्याहाळावा. बरेच दिवस उन्हांत ठेवलेल्या होडीचे फोड सुकून बसतात आणि गिऱ्हाइकास तळ नितळ भासतो. तळाला नुकताच दिलेला रंगहि संशयास्पदच.

नंतर आवाज. बाजारांत माठ घेणारी गृहिणी टिचकी मारते. खणखणीत वाजला तर घेते, बद्द वाजला तर ठेवून देते. तीच युक्ति येथें चालते. प्लास्टिकच्या लहान हातोडीनें वीत-वीत अंतरावर तळ ठोकावा. एकाएकीं बद्द आवाज आला, तर तेथें थर सुटले असण्याचा किंवा पाणी मुरलें असण्याचा संभव असतो. एका बिंदूपासून कोळ्याच्या जाळ्याप्रमाणें भेगा फुटल्या असतील, तर त्या जागीं आघात झालेला असतो. ती जागा आंतूनहि पाहावी.

ज्या मागच्या फळीवर इंजिन टांगतात, तिच्या पोटांत बहुधा प्लायवुड असतें व तें स्क्रूच्या छिद्रांतून पाणी शिरून कुजतें. इंजिन हलकेच वरखालीं करतांना फळी लवली, किंवा स्क्रू काढतांच तपकिरी पाणी झिरपलें, तर सौदा तेथेंच थांबवावा.

चारदोन फोड दुरुस्त होतात. ते उघडून, धुऊन, पूर्ण वाळवून भरतां येतात व तेवढा खर्च किंमतींतून वजा करावा. परंतु तळाचा मोठा भाग बद्द वाजत असेल, तर स्वस्ताईच्या मोहास पडूं नये. लाकडी होडी सांध्यांतून झिरपून आपलें दुखणें सांगते. फायबरची होडी आंतून पोखरली तरी वरून चकाकत राहते. आणि तींत मुलेंबाळें बसावयाचीं असतात.