तान्ह्या मुलाची निद्रा आणि त्याचा पाळणा

खांद्यावर गाढ झोपी गेलेले तान्हे मूल हलक्या हाताने पाळण्यात ठेवावे आणि पाठ गादीला टेकते न टेकते तोच त्याने डोळे उघडून टाहो फोडावा, हा अनुभव घरोघरचा आहे. मग मूल हट्टी आहे, त्याला दृष्ट लागली, अशी कारणे शोधली जातात. वस्तुतः तान्ह्या मुलाच्या निद्रेची घडणच प्रौढांच्या निद्रेहून निराळी असते.

ही घडण कशी उलगडत गेली, याचा इतिहास मनोरंजक आहे. शिकागो विश्वविद्यालयात नॅथॅनिएल क्लाइटमन यांच्या हाताखाली शिकणारे यूजीन ॲसेरिन्स्की यांनी प्रथम निजलेल्या बालकांच्या पापण्यांची हालचाल तासन्‌तास न्याहाळली. पुढे १९५३ साली या गुरुशिष्यांनी, निद्रेच्या एका विशिष्ट अवस्थेत माणसाची बुबुळे झपाट्याने फिरतात, हे प्रसिद्ध केले. नवजात बालकाची सुमारे अर्धी निद्रा अशाच चंचल अवस्थेत जाते. त्या वेळी ते चेहरा वाकडा करते, हसते, कण्हते, हातपाय झाडते. पण जागे नसते. आई घाईने त्यास उचलते आणि न मोडलेली झोप मोडते! अशा वेळी दोन क्षण थांबून पाहणे बरे. शिवाय प्रौढ मनुष्य आरंभी शांत निद्रेत शिरतो, तर नवजात बालक प्रथम या चंचल निद्रेतच शिरते. म्हणून नुकतेच डोळे मिटलेले मूल खाली ठेवले की सहज जागे होते.

जपानमधील रिकेन या संशोधनसंस्थेत कुमी कुरोदा व त्यांचे सहकारी यांनी २०२२ साली याविषयी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी २१ बालकांच्या हृदयाचे ठोके सतत नोंदले. रडणाऱ्या मुलास उचलून मातेने पाच मिनिटे एकसारखे चालत राहिले असता मुले शांत होत व पुष्कळशी झोपी जात. परंतु खाली ठेवताना सुमारे एकतृतीयांश मुले पुन्हा जागी होत. ठोक्यांच्या नोंदीवरून दिसले की मुलाची पाठ गादीला लागण्यापूर्वीच, आईच्या अंगापासून ते विलग होऊ लागताच, त्याचे शरीर सावध होते. मूल झोपल्यावर आणखी पाच ते आठ मिनिटे मांडीवर घेऊन स्वस्थ बसावे व मग खाली ठेवावे, असा या संशोधकांचा सल्ला आहे. आपल्याकडील आज्या प्रयोगशाळेवाचून हेच करीत आल्या आहेत.

खाली ठेवताना डोके किंचित मागे कलले तर मूल दचकून दोन्ही हात पसरते. अर्न्स्ट मोरो या वैद्याने १९१८ साली वर्णन केलेली ही प्रतिक्षिप्त क्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते. दुपट्यात गुंडाळल्याने ही दचक आवरते, हे खरे. मात्र पाय करकचून बांधल्यास खुब्याच्या सांध्यास अपाय होतो. ते मोकळे वाकू द्यावेत. मूल कुशीवर वळू पाहू लागले की गुंडाळणे बंदच करावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मुलास उताणेच निजवावे. उताणे मूल दूध ओकल्यास गुदमरेल, या भीतीपोटी पाश्चात्य देशांत अनेक दशके पालथे निजविण्याचा उपदेश होत असे. बेंजामिन स्पॉक यांच्या जगप्रसिद्ध ग्रंथानेही १९५० च्या दशकात तो उचलून धरला. भीती निराधार होती. मूल उताणे असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते. ओकलेले दूध तिच्यात शिरण्यास वर चढावे लागेल. उलट पालथ्या निजलेल्या, वरवर निरोगी मुलांचे झोपेतच आकस्मिक मृत्यू अधिक होतात, असे आढळले. ब्रिटनमध्ये १९९१ साली व अमेरिकेत १९९४ साली मुलास उताणे निजविण्याची मोहीम निघाली आणि असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका समीक्षेनुसार या धोक्याचा पुरावा १९७० पर्यंतच उपलब्ध होता. तो वेळीच एकत्र तपासला असता युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलेशिया मिळून निदान ५०,००० बालके वाचली असती. सद्हेतूने दिलेला पण न तपासलेला सल्ला किती महाग पडतो!

पाळण्याची गादी सपाट व टणक असावी. चादर ताणून खोचलेली असावी. मऊ गोधड्या, लोड, खेळणी, आणि आपल्याकडे डोके गोल व्हावे म्हणून ठेवतात ती मोहरीची उशीसुद्धा, झोपेच्या वेळी बाहेर ठेवावी. कठड्याच्या दोन गजांमध्ये सहा सेंटिमीटरांहून अधिक अंतर नसावे, नाहीतर अंग निसटून डोके अडकते. गळ्यातील काळा दोरा झोपताना काढून ठेवावा. घरात कुंची घालून निजवू नये. मुलाच्या शरीरातील उष्णता डोक्यावाटे पुष्कळ बाहेर पडते व अतिउष्णता घातक असते. मच्छरदाणी हवी, पण ताणून बांधलेली. साडीच्या खोल झोळीत मान वाकून हनुवटी छातीस टेकते आणि श्वासमार्ग दबतो. झोळीत मूल शांत झाले की त्यास सपाट जागी हलवावे. निदान पहिले सहा महिने पाळणा आईच्या खोलीतच, तिच्या हाताशी असावा. त्या खोलीत कोणीही विडी-सिगारेट ओढू नये.

निद्रेसाठी औषध मात्र कदापि देऊ नये. १९२० च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत दिवसभर राबणाऱ्या स्त्रिया आपल्या मुलांस अफूची बाळगोळी देऊन कामावर जात. मूल निपचित पडे, दूधही मागत नसे. त्या मातांना दोष देणे सोपे आहे. तान्हे मूल ठेवायला त्यांना दुसरी जागाच नव्हती.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून मुलाचे शरीर रात्र व दिवस ओळखू लागते. दिवसा उजेड व बोलणेचालणे, रात्री अंधार व शांतता, एवढे साह्य त्यास पुरते. पुढे ते आपणहून दोन्ही बाजूंस वळू लागले की, उताणे निजवल्यावर झोपेत पालथे झाले तरी त्यास पुनःपुन्हा उलटविण्याचे कारण नाही. आणि कठडा धरून उभे राहण्याच्या बेतात आले की पाळण्याचा तळ खाली उतरवावा.