घटना, अट आणि नियम : रेल्वे फाटकाचा धडा



आपल्या विद्यानगर स्थानकावरून एम.एम.टी.एस.ची लोकल धावते. अशा गाड्या सुरक्षित धावाव्यात म्हणून यंत्रणा उभारण्यापूर्वीच ती गणिताच्या भाषेत लिहून तपासता येते. अशी एक भाषा म्हणजे 'इव्हेंट-बी'. फ्रेंच शास्त्रज्ञ झाँ-रेमों आब्रियाल यांनी ती घडवली. त्यांच्याच आधीच्या 'बी' पद्धतीचा उपयोग पॅरिस मेट्रोच्या १४ क्रमांकाच्या, चालकाविना धावणाऱ्या मार्गासाठी झाला. तो मार्ग १९९८ साली सुरू झाला.

या भाषेत प्रत्येक घटनेचे दोन भाग असतात : अट आणि कृती. अट पुरी झाली तरच कृती घडते. शिवाय कधीही मोडू नयेत असे नियम लिहायचे आणि कोणत्याही घटनेनंतर ते शाबूत राहतात हे सिद्ध करायचे.

रेल्वे फाटकाचे उदाहरण घेऊ. नियम असा : फाटकात गाडी असताना फाटक बंदच हवे. मग 'फाटक उघडणे' या घटनेची अट काय? वर्गात विचारले की मुले म्हणतात, "सिग्नल लाल असला की उघडावे." पण गाडी आत शिरताच तिच्यामागे सिग्नल लाल होतो! म्हणजे गाडी फाटकात असतानाच फाटक उघडेल. म्हणून आणखी एक अट हवी : फाटकात गाडी नसावी. चूक कागदावरच सापडली, हे बरे झाले.

आता 'इंटरफेस'. हा यंत्रणा आणि बाहेरचे जग यांच्यामधला उंबरठा. कोणती घटना कोणाच्या हाती, ते इथे ठरवायचे. सिग्नल बदलणे यंत्रणेच्या हाती, गाडी थांबवणे चालकाच्या. चालक लाल सिग्नल कधीच ओलांडणार नाही असे गृहीत धरले, तर आपली सिद्धता त्या गृहीतकावरच उभी राहते. म्हणून तीही घटना लिहून तिच्यावर उपाय योजावा लागतो. भारतीय रेल्वेची 'कवच' यंत्रणा हेच काम करते. चालकाकडून ब्रेक लागला नाही तर ती स्वतः लावते. प्रवासी गाड्यांवर तिच्या चाचण्या २०१६ साली आपल्याच दक्षिण मध्य रेल्वेवर सुरू झाल्या.

११ नोव्हेंबर २०१९ रोजी शेजारच्या काचीगुडा स्थानकात लोकल आणि एक्सप्रेसची टक्कर झाली. लोकलच्या चालकाचे पुढे निधन झाले. प्रत्येक अट आधीच नीट तपासणे का गरजेचे, हे आम्हाला मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.

मुलांनो, आता तुमची पाळी. लिफ्टच्या दाराच्या घटना, अटी आणि एक नियम वहीत लिहून आणा.