कर्ण आपला वाटतो, मग शोण का नाही?

काळाचौकी, लालबाग, परळ या पट्ट्यात तरुण मुलामुलींबरोबर काम करताना आवडत्या कादंबरीचा विषय निघाला, की शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’चे नाव हमखास येते. कादंबरी १९६७ सालची आहे. आज ती एमपीएससीच्या गाइडांच्या शेजारी उभी असते. बौद्ध घरांतली मुलेही तिच्याबद्दल भरभरून बोलतात, आणि कारण विचारले तर उत्तर बहुतेक एकच येते: कर्ण आपला वाटतो. अंगी गुण असून त्याला हिणवले गेले. भर आखाड्यात त्याचे कुळ विचारले गेले. आपल्या पोरांना हे समजावून सांगावे लागत नाही. भाड्याची खोली बघायला गेल्यावर ‘आडनाव काय?’ हा प्रश्न ज्याने ऐकला आहे, त्याला कर्णाची मान खाली गेलेली लगेच कळते.

यावर आपल्या काही कार्यकर्त्यांची प्रतिक्रिया ठरलेली असते. महाभारतावरची कादंबरी आपण वाचायचीच कशाला? आणि मुळात कादंबऱ्या वाचून चळवळ पुढे जाते का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर याच परिसराच्या इतिहासात आहे. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. तिचे कार्यालय परळच्या दामोदर हॉलमध्ये होते, म्हणजे इथून फार लांब नाही. त्या सभेच्या उद्देशांत वसतिगृहांसोबत वाचनालये आणि अभ्यासवर्ग काढण्याचाही समावेश होता. पोट भरल्यावर वाचू, असा क्रम त्यांनी लावला नव्हता.

पहिला प्रश्न मात्र गंभीर आहे. ‘वाचू नका’ म्हटल्याने तो सुटत नाही. ‘मृत्युंजय’ आपल्याला इतकी का भिडते आणि भिडताना आपल्याकडून काय मान्य करून घेते, हे बघितले पाहिजे.

ही कादंबरी कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण अशा सहा जणांच्या तोंडून सांगितलेली आहे. कर्ण कुंतीचा मुलगा आहे हे वाचकाला आधीपासून माहीत असते, कर्णाला आणि भोवतालच्या लोकांना नसते. त्यामुळे प्रत्येक अपमानाच्या वेळी वाचक मनात म्हणतो, ‘अरे, हा कोण आहे हे तुम्हाला ठाऊक नाही!’ डोळ्यांत पाणी येते ते इथे. आता हे वाक्य जरा उलटे करून बघा. ठाऊक असते तर काय झाले असते? त्याला कोणी हिणवलेच नसते. म्हणजे आपल्याला राग येतो तो सूताला हिणवण्याचा नाही, क्षत्रियाला चुकून सूत समजल्याचा आहे. कर्णाच्या कथेत हे जागोजागी पेरलेले आहे. कवचकुंडले जन्माची. किडा मांडी पोखरत असताना तो हलत नाही, तर परशुराम त्यावरून निष्कर्ष काढतो की हा क्षत्रियच असणार. वेदना सोसण्याची ताकदसुद्धा कुळाच्या खात्यावर जमा!

आणि शोण? अधिरथ-राधेचा हा मुलगा खरोखरीचा सूतपुत्र आहे. तोही त्याच घरात वाढला, त्याच नजरा त्यानेही झेलल्या. कादंबरीने त्याला निवेदन दिले, पण ते भावाचे गुण सांगण्यासाठी. त्याच्या वाट्याला आलेल्या सूतपणावर रडलेला वाचक मला अजून भेटलेला नाही.

वाचकांची बाजूही हलकी नाही. मुलांबरोबर या मुद्द्यावर वाद घालताना एक उत्तर वारंवार मिळते आणि ते बिनतोड आहे: सत्य कळल्यावरही कर्ण पांडवांकडे जात नाही. कृष्ण समजावतो, कुंती येऊन सांगते, राज्य समोर असते, तरी तो राधेय म्हणूनच राहतो. ज्यांनी वाढवले ते माझे, हा त्याचा निर्णय. जन्माने मिळणारे मोठेपण त्याने नाकारले. माणूस जन्माने नव्हे तर कृतीने ओळखावा, असे वासेट्ठ सुत्तात बुद्ध सांगतात. त्याच्या सर्वांत जवळ कर्ण या नकारात येतो. म्हणून कर्ण आपला वाटण्यात काही चूक आहे असे मला वाटत नाही. फक्त तो आखाड्यातला अपमानित कर्ण म्हणून आपला नाही, हस्तिनापूरचे आमिष परत करणारा कर्ण म्हणून आपला आहे.

जन्माचे रहस्य ही युक्ती मराठीत दुसऱ्या बाजूनेही वापरली गेली आहे. ‘मृत्युंजय’च्या चार वर्षे आधी, १९६३ मध्ये, बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. ती कादंबरी नाही, पण या चर्चेत तिच्याशिवाय पुढे जाता येत नाही. शीर्षककथेतला तरुण रेल्वेत नोकरीला लागतो, परक्या गावी भाड्याने राहतो आणि जात लपवतो. रहस्य तेच, जन्माचे. ते उघड झाल्यावर कर्णाला सिंहासन देऊ केले जाते, बागुलांच्या नायकाला मार पडतो. या दोन पुस्तकांत चार वर्षांचे अंतर आहे, आणि महाराष्ट्राच्या घराघरांत गेले ते पहिले. का गेले, हा समाजशास्त्राचा प्रश्न आहे. साहित्याच्या दर्जाचा म्हणून तो सोडवता येणार नाही.

अण्णाभाऊ साठे यांच्या ‘फकिरा’त (१९५९) रहस्यच नाही. फकिरा मांग आहे, हे पहिल्यापासून सगळ्यांना माहीत आहे आणि शेवटपर्यंत तसेच राहते. त्याचा बाप राणोजी गावाच्या मानाची जोगणी आणताना जीव गमावतो. पुढे दुष्काळात माणसे मरू लागल्यावर फकिरा धान्य आणि खजिना लुटतो. त्याचे शौर्य सिद्ध करायला लेखकाला कुठल्याही राजघराण्याचा दाखला लागत नाही. अण्णाभाऊंनी ही कादंबरी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली, १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. तरी आपल्यातलेच काही वाचक नाक मुरडतात: नायक फार निर्दोष आहे, प्रसंग सिनेमासारखे आहेत, विष्णुपंत कुलकर्णी जरा जास्तच चांगला दाखवला आहे. विष्णुपंताबद्दल वाद होऊ शकतो, व्हावा. पण निर्दोष नायकाची तक्रार मला गंमतशीर वाटते. सावंतांचा कर्ण काय कमी निर्दोष आहे? तिथे आपण त्याला भव्य म्हणतो.

‘कोसला’चे मी थोडक्यातच सांगते. पांडुरंग सांगवीकरच्या रिकामपणावर आमच्याकडच्या मुलांची दोन मते पडतात. काहींना तो अगदी स्वतःसारखा वाटतो, तर काही विचारतात की गावी परतायला घर आणि शेती नसती तर हा काय करता? दोन्ही मते खरी आहेत. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘सनातन’ला सरस्वती सन्मान मिळाला, पण आपल्या वस्त्यांत तिचे नाव माहीत असणारे मोजकेच. लिंबाळे म्हटले की ‘अक्करमाशी’. आपण आत्मकथने वाचतो कारण ‘हे खरेच घडले’ याचा आधार वाटतो. कादंबरीबाबत मात्र ‘खोटेच तर आहे’ म्हणून आपण सैल वाचतो आणि मग ती आपल्याकडून काय मान्य करून घेते याकडे लक्ष राहत नाही.

विहारात किंवा मंडळाच्या खोलीत वाचनगट सुरू करणाऱ्यांना माझा सल्ला आहे की ‘मृत्युंजय’ यादीतून काढू नका. ज्यांनी ती वाचली आहे त्यांना आधी शोणाची प्रकरणे पुन्हा वाचायला सांगा. त्यानंतर बागुलांची कथा एकाने मोठ्याने वाचावी, बाकीच्यांनी ऐकावी. रविवारच्या वंदनेनंतर एका बैठकीत ती वाचून होते. ‘फकिरा’ला महिना द्या.