सीडीफोर ६२० वरून ५१०! घाबरायचं का?

रिपोर्ट हातात येतो. मागच्या वेळी सीडीफोर काउंट ६२० होता, या वेळी ५१०. गोळी तर एकही दिवस चुकली नाही, मग शंभरावर पेशी गेल्या कुठे? पोटात गोळा येतो, रात्रभर झोप लागत नाही. एचआयव्हीसह जगत असाल, तर ही रात्र तुमच्या ओळखीची असेल.

तर आधी हा आकडा म्हणजे काय, ते बघू. सीडीफोर या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी. शरीरात जंतू घुसला की बाकीच्या पेशींना कामाला लावणाऱ्या. एचआयव्ही नेमका यांच्यातच शिरतो. लॅबवाले मोजतात ते एका घन मिलीमीटर रक्तात, म्हणजे थेंबाच्याही छोट्याशा अंशात, त्या किती सापडल्या ते. निरोगी माणसात त्या साधारण ५०० ते १५०० असतात.

पण हा आकडा एका जागी बसत नाही. दुपारी कमी, संध्याकाळी जास्त. नुकताच ताप येऊन गेला असेल, लस घेतली असेल, लॅब बदलली असेल, तरी तो हलतो. एचआयव्ही नसलेल्यांचाही हलतो! शिवाय या पेशी रक्तात थोड्याच फिरतात, बहुतेक लसीकाग्रंथींमध्ये ठाण मांडून असतात. त्यामुळे साधारण ३० टक्क्यांच्या आतला फरक एकट्या रिपोर्टवरून डॉक्टर मनावर घेत नाहीत. ६२० चे ५१० झाले, म्हणजे घट १८ टक्के.

मग बघायचं काय? रिपोर्टवर सीडीफोरची टक्केवारीही असेल, तर ती आधी बघा. ती कमी हलते. काउंट घसरला पण टक्का तिथेच आहे, तर बहुधा चिंता नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे व्हायरल लोड. गोळ्या काम करताहेत का, याचं उत्तर सीडीफोर नाही, व्हायरल लोड देतो. तो दबलेला असेल तर एकट्या सीडीफोरच्या चढउतारावर झोप घालवू नका.

हां, काही आकडे मात्र गंभीरच. काउंट २०० च्या खाली गेला की न्यूमोनिया, टीबी यांसारखे आजार डाव साधतात. ३५० च्या खाली असेल, तर आपल्याकडे डॉक्टर को-ट्रायमॉक्साझोलची गोळीही सुरू करतात. लागोपाठच्या तपासण्यांत आकडा उतरतच गेला, व्हायरल लोड वाढला, किंवा खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम असं काही असेल, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. लगेच एआरटी सेंटर गाठा.

खरं सांगायचं तर वाईट आकड्याइतकाच चांगला आकडाही दगा देतो. ‘सातशे आलाय, आता महिनाभर गोळी नाही घेतली तर काय बिघडतं?’ असं वाटू शकतं. हाच प्रश्न ‘स्मार्ट’ नावाच्या मोठ्या अभ्यासात तपासला गेला. ३३ देशांतले ५,४७२ लोक त्यात होते. काउंट ३५० च्या वर असला की एका गटाच्या गोळ्या थांबवायच्या, २५० च्या खाली आला की पुन्हा सुरू करायच्या. या गटात गंभीर आजार आणि मृत्यूंचं प्रमाण दुपटीहून जास्त निघालं. २००६ मध्ये तो प्रयोगच थांबवावा लागला. पूर्वी आपल्याकडेही गोळ्या कधी सुरू करायच्या, ते सीडीफोर ठरवायचा. २०१७ पासून निदान झालं की काउंट कितीही असो, उपचार सुरू होतात.

पुढच्या वेळी जमल्यास त्याच लॅबमध्ये, त्याच वेळेला रक्त द्या. आठवडाभरात ताप येऊन गेला असेल तर तसं सांगा. जुने रिपोर्ट एका फाइलमध्ये तारखेनुसार लावून ठेवा, डॉक्टरांना ओळीने चार आकडे दिसू देत. ती फाइल होस्टेलच्या रूममेटला किंवा ऑफिसात दाखवायची सक्ती तुमच्यावर कोणी करू शकत नाही, २०१७ चा एचआयव्ही कायदा तुमच्या बाजूने आहे. आणि रिपोर्ट वाचून रात्री फारच धडधडलं, तर १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे. नाव न सांगताही बोलता येतं.