बातमी वाचावयास शिकणें

सोलापुरांतील शुक्रवार पेठेसारख्या जुन्या वस्तींत सकाळीं वर्तमानपत्र आलें, कीं घरांतील वडील मंडळी आधीं मथळे वाचतात, मग बाजारभाव पाहतात, आणि चहा संपण्यापूर्वीं साऱ्या जगाचा न्यायनिवाडा करून मोकळी होतात. अशा घरांतील महाविद्यालयीन विद्यार्थी जेव्हां वृत्तपत्रविद्येचा अभ्यास करावयाचें ठरवितो, तेव्हां ‘बातम्या तर सगळेच वाचतात; त्यांत शिकावयाचें काय?’ हा प्रश्न हटकून विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. सोलापूरचें विद्यापीठ २००४ सालीं स्थापन झालें. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचें नांव आज धारण करणाऱ्या या विद्यापीठांत हा विषय शिकविला जातो. या अभ्यासानें विद्यार्थ्याच्या हातीं लेखणी येते, ध्वनिक्षेपक येतो, कॅमेराही येतो. परंतु त्याच्या ठिकाणीं जो खरा पालट घडतो, तो या साधनांनीं नव्हे. तो वाचण्याच्या रीतीनें घडतो.

पहिला धडा शब्दांचा. त्याला सोलापूरसारखें सोईचें गांव क्वचितच मिळेल. मराठी, कानडी, तेलुगु आणि उर्दू या चारही भाषा येथें एका बाजारांत कानीं पडतात. आतां ‘राजीनामा’ हा एकच शब्द घ्या. मराठींत व कानडींत त्याचा अर्थ पद सोडणें. उर्दूंत मात्र दोन पक्षांनीं केलेली तडजोड. ‘शिक्षा’ या शब्दानें मराठी माणसाला दंड आठवतो, तर हिंदी भाषिकाला विद्या. एका भाषेंतील बातमी दुसरींत आणतांना केवळ ओळखीच्या शब्दावर भरंवसा ठेवला, तर तडजोड करणारा पुढारी दुसऱ्या दिवशीं पदत्याग करून बसलेला दिसावयाचा! शब्द ओळखीचा वाटला, कीं तेथेंच थांबून पाहावें, ही संवय विद्यार्थ्याला येथें लागते.

दुसरा धडा वाक्याचा, आणि तो त्याच्या गांवच्या इतिहासांतच आहे. मे १९३० मध्यें गांधीजींच्या अटकेची वार्ता आल्यावर सोलापुरांत मोठा क्षोभ झाला. ८ मे रोजीं पोलिसांनीं गोळीबार केला, त्यांत माणसें मेलीं. जमावानें पोलीस चौकी व न्यायालय जाळलें, पोलिसांचेही प्राण गेले. १२ मे पासून शहरांत लष्करी कायदा पुकारला गेला. ‘कर्मयोगी’ पत्राचे संपादक रामचंद्र शंकर राजवाडे यांना कारावास भोगावा लागला. ‘गझनफर’ पत्राचे तरुण संपादक कुर्बान हुसेन यांना मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांच्यासह १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांशी देण्यांत आलें. सोलापुरांतील चार हुतात्म्यांचे पुतळे आजही त्यांची आठवण देतात.

आतां हीच हकीकत जळालेल्या चौकीपासून सांगावयास आरंभ केला, तर वाचक जमावाला दोष देतो. पोलिसांच्या गोळीपासून आरंभ केला, तर सरकारला. दोन्ही कथनांतील एकही वाक्य खोटें नसतें. अनुक्रम तेवढा बदलतो. तसेंच ‘गोळीबार झाला’ असें लिहिलें, तर तो पावसासारखा आपोआप पडल्याचा भास होतो. ‘पोलिसांनीं गोळीबार केला’ असें लिहिलें, कीं कर्ता पुढें येऊन उभा राहतो. व्याकरणाच्या पुस्तकांतील कर्ता आणि क्रियापद यांचा न्यायाशीं एवढा जवळचा संबंध आहे, हें ध्यानीं आल्यावर विद्यार्थ्याचें वाचन पूर्वींसारखें राहत नाहीं.

येथें एक धोका मात्र असतो. प्रत्येक बातमीच्या मागें कांहीं तरी दडलें आहे, असें वाटूं लागून नवशिका सर्वच वृत्तांना हंसूं लागतो. सर्वांवर विश्वास ठेवणें जसें सोपें, तसेंच कोणावरही न ठेवणें सोपें. दोहोंतही पडताळा पाहण्याचे श्रम वांचतात. या अवस्थेंतून बाहेर पडणें, हीच या अभ्यासाची खरी परीक्षा होय.

त्या श्रमांचें मोल किती आहे, हें सोलापूर जिल्ह्यानें फार कठोरपणें जाणलें आहे. २०१८ सालीं मुलें पळविणाऱ्या टोळीच्या वार्ता लोकांच्या भ्रमणध्वनींवर गांवोगांव फिरत होत्या. त्या वर्षींच्या १ जुलै रोजीं धुळें जिल्ह्यांत, साक्री तालुक्यांतील राईनपाडा येथें, भिक्षेवर पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच निरपराध माणसांना जमावानें त्याच संशयावरून मारून टाकलें. त्यांपैकीं बहुतेकजण सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढें तालुक्यांतील होते. ही वार्ता कोणीं पाहिली? कोठें आणि केव्हां घडली? सांगणाऱ्यानें स्वत: पाहिलें, कीं ऐकलें? ठाण्यावर नोंद आहे काय? हे चार प्रश्न त्या संदेशाला वाटेंत कोणीं विचारले असते, तर तो पुढें गेलाच नसता.

हे प्रश्न विचारण्यास ना पदवी लागते, ना छापखाना. पेठेंतील तोच विद्यार्थी अभ्यासाच्या अखेरीस घरीं बसलेला असतो. शेजारचे काका उतावीळपणें एखादा संदेश दाखवून विचारतात, ‘अरे, हें खरें का?’ पूर्वीं त्यानें तत्काळ होय किंवा नाहीं म्हटलें असतें. आतां तो म्हणतो, ‘काका, अजून ठाऊक नाहीं, चौकशी करून सांगतों. तोंवर तुम्ही तो कोणाला पाठवूं नका.’ एवढ्या दोन वाक्यांत त्याचें सारें शिक्षण सामावलेलें असतें. आणि दुपारीं तो खरोखरच चौकशीला निघतो, तेव्हां तें पूर्ण होतें.